दाराआडचं वाचन

निवृत्तीनंतर मी काय करावं याबद्दल आमच्या यवतमाळच्या घरात सगळ्यांना मतं होती, मला सोडून. यजमान म्हणाले, घरात बस किंवा बाहेर जा, पण माझी कपाटं आवरू नकोस. मी बाहेर गेले. एका संस्थेचा ‘कुटुंब वाचन’ नावाचा उपक्रम तेव्हा नुकताच सुरू झाला होता. घरातल्या सगळ्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं आणि आरोग्याची पुस्तिका मोठ्यानं वाचायची, अशी कल्पना. पुस्तिकांनी भरलेली कापडी पिशवी आपण द्यायची आणि दर आठवड्याला जाऊन बघायचं, की पिशवीत कांदे तर भरले नाहीत.

प्रशिक्षणाला मोठ्या शहरातून एक तरुण सर आले होते. त्यांनी पडद्यावर एक चित्र दाखवलं. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि नातू गोल करून बसलेत, मध्ये पुस्तिका आहे आणि सगळे हसताहेत. पुस्तिका जुलाबांवरची होती. जुलाबांवर इतकं मनापासून हसणारं कुटुंब मी तोवर पाहिलं नव्हतं, पण सरांच्या उत्साहाला नाट लावायला नको म्हणून गप्प बसले.

माझ्या वाट्याला घाटंजीच्या पुढचा एक बंजारा तांडा आला. त्यातलं एक घर मी कधी विसरणार नाही. घरात म्हातारा, म्हातारी, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा ट्रकवर होता, त्यामुळे महिन्याचे बरेच दिवस हैदराबादच्या रस्त्यावर. म्हातारा-म्हातारीला अक्षरओळख नव्हती. सून मात्र बारावी झालेली आणि वाचायची अगदी स्पष्ट. तिला दिवस गेले होते, आठवा लागला होता.

आता अडचण अशी, की त्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. पदर कपाळाच्या खाली, आवाज त्याच्याही खाली. चहा झाला तरी ती शेळीला सांगायची, ‘च्या झाला वो’, आणि सासरा शेळीचं ऐकून उठायचा. अशा घरात सुनेनं सासऱ्यासमोर बसून मोठ्यानं वाचायचं म्हणजे सरांच्या चित्राची परीक्षाच होती.

पण त्या घरानं स्वतःच तोड काढली. सून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून वाचायची. सासरा बाहेर बाजेवर, दाराकडे पाठ करून. आणि सासू उंबऱ्यावर. सुनेनं एक वाक्य वाचलं की सासू तेच वाक्य, त्याच मराठीत, नवऱ्याला सांगायची. त्याला काही शंका आली तर तो सासूला म्हणायचा, ‘विचार तिले, मीठ कमी म्हंजे किती?’ सासू आत वळून विचारायची. सून भिंतीला उत्तर द्यायची. सासू ते बाहेर आणायची. आत-बाहेर मिळून पाच हातांचं अंतर.

पहिल्या दिवशी मला वाटलं म्हातारा बहिरा आहे. मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडून माझी ओळख करून दिली. तो शांतपणे म्हणाला, ‘ओरडून कायले राह्यल्या मॅडम, मले चांगलं ऐकू येते.’

संस्थेला दर आठवड्याला फोटो लागायचा. मी पाठवायची. त्यात एक माणूस पाठमोरा, एक बाई उंबऱ्यावर, एक शेळी कॅमेऱ्याकडे बघणारी. कार्यालयातून संदेश आला, ‘वाचक दिसत नाही. कृपया वाचकासह फोटो पाठवा.’ पुढच्या आठवड्यात मी तसाच फोटो पाठवला. आमच्याकडे यजमान समोर बसून, डोळ्यांत डोळे घालून ऐकतात आणि त्यांच्या कानात एक अक्षर शिरत नाही. त्या मानानं तांड्यातलं वाचन पुष्कळ बरं चाललं होतं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की सासू नुसता निरोप्या नव्हती, संपादक होती. ‘हात साबणानं धुवावेत’ हे बाहेर जसंच्या तसं जायचं. ‘गरोदर बाईनं दुपारी आडवं व्हावं’ हे मात्र उंबऱ्यावरच गळायचं. ‘बाळंतपण दवाखान्यातच करावं’ याचं बाहेर येईपर्यंत ‘बाळंतपण नीट करावं’ व्हायचं. सासूची सगळी बाळंतपणं घरीच झालेली आणि तिला त्याचा अभिमान होता. म्हाताऱ्यानं मूळ वाक्य ऐकलेलं असायचं, पण रितीप्रमाणे त्याच्यापर्यंत पोहोचायचं ते फक्त बायकोनं सांगितलेलं. ऐकलेलं त्याला माहीतच नाही, असं धरून सगळं घर चालत होतं. मीही एक-दोनदा मध्ये तोंड घातलं. सासू गोड हसून म्हणाली, ‘व्हय मॅडम, तेच सांगतलं मी.’ तिच्यापुढे माझी डाळ शिजत नव्हती.

कापूस वेचणीच्या दिवसांत एकदा गेले, तेव्हा सुनेला नववा लागला होता. मला पाणी द्यायला ती दारापर्यंत आली. तिचा चेहरा सुजल्यासारखा वाटला. बरं वाटत नाही का, असं मी विचारलं. सासूनं उत्तर दिलं, ‘या दिवसांत सुजतेच थोडं. डोकं दुखते म्हणत होती, तं डोकं कोनाचं दुखत नाही?’ सून आत गेली. मी तिच्या मागं जाणार, तोवर वाचन सुरू झालंच.

त्या दिवशीचं पान पिण्याच्या पाण्याचं होतं. माझ्या हातात तीच पुस्तिका होती. सुनेनं पहिली ओळ वाचली, ‘पिण्याचं पाणी उकळून, गाळून घ्यावं.’ सासूनं ती बाहेर दिली. आणि मग त्याच वाचायच्या सुरात आतून आलं, ‘सुनेचं डोकं परवापासून दुखते. डोळ्यापुढं काजवे चमकते. पोटात वर दुखून राह्यलं. तिनं सासूले सांगतलं. नवऱ्याले फोनवर सांगतलं. नवरा म्हणे, याडीले सांग.’

याडी म्हणजे आई. मी पुस्तिकेत पाहिलं. पानावर हंडा होता, ओगराळं होतं, झाकण होतं. सुनेचं कुठं नाव नव्हतं. पण याच्या आधीच्याच पुस्तिकेत ही लक्षणं होती आणि ती दिसली की एक तासही थांबू नये असं खाली ठळक छापलं होतं.

सासू उंबऱ्यावर थिजून बसली होती. मग म्हणाली, ‘म्हंते, पानी उकळून प्या.’

मला तिचा असा राग आला, की मी उठलेच. पण माझ्याआधी म्हातारा बोलला. मान न वळवता तो म्हणाला, ‘विचार तिले, पुढं काय लिवलं हाये.’

सासूनं विचारलं नाही. पण आतून पान उलटल्याचा आवाज आला. ‘पुढं लिवलं हाये,’ सून म्हणाली, ‘आजच दवाखान्यात न्यावं.’

म्हातारा बाजेवरून उठला. खांद्यावर दुपट्टा टाकला. ‘पुस्तक म्हंते तं न्या लागन,’ असं हवेत म्हणाला आणि तांड्याच्या नायकाची जीप आणायला गेला. किती सोयीचं पुस्तक होतं ते. कोणी कोणाशी बोललं नाही, कोणी कोणाचं ऐकलं नाही, रीत जागच्या जागी राहिली आणि जीप दारात आली.

यवतमाळपर्यंत सून सासूच्या मांडीवर डोकं ठेवून होती. सासू तिचे हात चोळत होती आणि सारखी म्हणत होती, ‘झालं, आलंच आता.’ माझा राग तिथं थोडा उतरला. घाबरलेल्या माणसावर फार वेळ रागावता येत नाही.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी रक्तदाब पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. सुनेला धड बोलता येत नव्हतं. बाईंनी घाईनं सासूला विचारलं, ‘डोकं कधीपासून दुखतंय? डोळ्यांपुढे काही दिसत होतं का?’

‘आजच दुखलं,’ सासू म्हणाली. ‘सकाळून.’

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाराशी पाठमोरा उभा असलेला म्हातारा वळला. सुनेच्या खाटेकडे तोंड करून उभं राहिलेलं मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. ‘परवापासून,’ तो म्हणाला. ‘काजवे बी चमकते. पोट बी दुखते, वरच्या अंगानं.’

‘तुम्हाला कोणी सांगितलं?’

मला वाटलं, आता पुस्तक म्हणेल. म्हटलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. तो म्हणाला, ‘सुनेनं सांगतलं. म्या ऐकलं.’

सासूनं पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि खाली बसली. डॉक्टर बाईंना यातलं काहीच कळायचं कारण नव्हतं. त्यांनी पटापट सूचना दिल्या आणि खाट आत गेली.

त्याच रात्री मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी मी गेले, तेव्हा ती काचेच्या पेटीत होती, मूठभर, पण रडत होती खणखणीत. सून जागी होती. तिचा पहिला प्रश्न मुलीबद्दल नव्हता, सासऱ्याबद्दल होता. ‘मामाजीनं डॉक्टरले पुस्तकात हाये म्हणूनच सांगतलं ना?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘सुनेनं सांगितलं म्हणाले. मी ऐकलं म्हणाले.’

खोलीत आम्ही दोघीच होतो. तरी तिनं अंगावरची चादर हळूच कपाळाच्या खाली ओढून घेतली. मग आतून म्हणाली, ‘अजून एक डाव सांगा ना, मॅडम.’

मी पुन्हा सांगितलं.