फिल्टरची दुसरी नळी

मंडळी, वर्षात दुसऱ्यांदा आमच्या फिल्टरचा मेंब्रेन, म्हणजे आतला क्षार गाळणारा पडदा, गेला. आज सकाळी मी मेकॅनिकवरच तापले.

"ताई, शेजारी बी हेच बोरचं पाणी, हाच फिल्टर. त्यांचा तीन वर्षं झाली चालू हाय," म्हणत त्यानं आमच्या फिल्टरला पाणी पुरवणाऱ्या टाकीत क्षार मोजायचं मीटर बुडवलं. आकडा बघून तोच चक्रावला. बोरपेक्षा टाकीतलं पाणी दुप्पट खारट!

तेवढ्यात सासूबाई बादली घेऊन आल्या. फिल्टरच्या दुसऱ्या नळीतून जे खारट पाणी बाहेर पडतं, ते बादलीत धरून त्या रोज परत टाकीत ओतत होत्या.

"आत्या, ते खराब पाणी असतंय!" मी सासूबाईंना म्हटलं.

"नितळ तर दिसतंय. टँकरमागं घागर घेऊन पळालेली बाई हाय मी. असलं पाणी मोरीत सोडवत न्हाई माझ्यानं."

मी मेकॅनिकची माफी मागितली, चहा दिला. आता त्या बादलीतल्या पाण्यानं फरशी पुसायची असं ठरलंय.

पण खरं सांगू? ती नळी मोरीतच सोडलेली आहे असं मी वर्षभर समजत होते. आणि मला एकदाही वाईट वाटलं नव्हतं.

तुमची नळी कुठं सोडलीय?