मोहाची वीस झाडं आणि माझा फर्स्ट क्लास

मोहाच्या वीस झाडांवर मी लाल ऑइलपेंटनं एक ते वीस असे नंबर टाकले. ही माझी चूक.

रंग चांगला होता, ब्रश चांगला होता, आणि माझं अक्षर तर विचारूच नका. छातीएवढ्या उंचीवर साल तासून जागा सपाट केली होती आणि तिच्यावर वीतभर उंचीचा आकडा. पन्नास पावलांवरून मला वाचता यायचा. इतरांनाही वाचता येईल, हे काही डोक्यात आलं नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यात होती आणि मी नागपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला होतो. आमच्याकडे एका पेपरऐवजी ‘इंडिपेंडंट प्रोजेक्ट’ घेता यायचा. म्हणजे विषय विद्यार्थ्यानं निवडायचा, काम त्यानं एकट्यानं करायचं, आणि पाऊल टाकायच्या आधी गाईडला विचारायचं. याला स्वतंत्र का म्हणतात, ते पुढं मी स्वतः गाईड झालो तरी मला कळलं नाही.

माझा विषय साधा होता. मोहाचं एक झाड एका हंगामात किती फुलं देतं, आणि सगळी झाडं सारखी का देत नाहीत?

“दोन हंगाम मोजा,” सर म्हणाले. सर म्हणजे माझे गाईड. “वीस झाडं घ्या. निरोगी, पूर्ण वाढलेली. आणि नंबर दोन पावसाळे टिकले पाहिजेत. मागं एकानं चुन्यानं टाकले होते. अजून झाडं शोधत फिरतोय.”

नागपूरहून छोट्या गाडीनं नागभीड, तिथं गाडी बदलून वडसा, मग वैनगंगेपलीकडं बैलगाडीनं दिवसभर. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावाला माझ्यामुळं आधीच पुरेसा त्रास झालेला आहे.

गाव गोंडांचं. तिथला एक रिवाज मला पहिल्याच दिवशी कळला. जंगल सरकारचं, पण मोहाचं झाड घराचं. हे झाड या घरचं, ते त्या घरचं, आजा-पणज्यापासून ठरलेलं. झाडावर कसली खूण नाही, कुठं कागद नाही, आणि तरी कधी भांडण नाही. धान संपतं तेव्हा मोह पडायला लागतो. वाळवलेली फुलं पुढं पावसाळ्यापर्यंत शिजवून, भाजून, कुटून खायची. फळातल्या बियांचं तेल वर्षभर पुरायचं.

मी गावातल्या बायांना विचारलं, “सगळ्यांत जास्त फुलं देणारी झाडं कोणती?”

त्यांनी मोठ्या हौसेनं दाखवली. अकरा घरांची वीस झाडं. सगळ्यांत पुढं मैनाबाई. पन्नाशीची, विधवा, तोंडाची फटकळ. तिची चार झाडं माझ्या यादीत आली, याचा तिला अभिमानच वाटला. फक्त मी रंगाचा डबा उघडला तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली.

“नंबर काऊन टाकून राह्यला, बाबू?”

“ओळखू यावं म्हणून.”

“आमाले तं बिनानंबरचं ओळखू येते.”

“मला यायला हवं ना, बाई.”

“तुले सांगतो न मी. हे माह्यं, हे सुकरूचं, हे माह्या जावेचं. नंबर टाकलेलं झाड जंगलात रायते का कुठी?”

मी हसलो. शास्त्रीय पद्धत म्हणजे काय ते तिला समजावून सांगितलं. माझ्या शिकवण्याच्या कारकिर्दीतलं ते पहिलं लेक्चर. अत्यंत स्पष्ट होतं, आणि पूर्ण चुकीचं.

पहिला हंगाम छान गेला. मोहाची फुलं पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाही तर गुरं आणि हरणं उरकून टाकतात. मी शहरातला माणूस. मी तराजू घेऊन पोचेपर्यंत ऊन चढलेलं असायचं. मैनाबाई मात्र प्रत्येक झाडाखालची फुलं वेचून पळसाच्या पानावर वेगळा ढीग लावून ठेवायची. मी वजन करून वहीत लिहायचो, मग त्या त्या घरची बाई आपला ढीग उचलून न्यायची. एकदाही ढिगाची अदलाबदल झाली नाही. माझ्या थीसिसमधली पहिल्या हंगामाची रीडिंग्ज म्हणजे खरं तर मैनाबाईची रीडिंग्ज. आभारात तिचं नाव नाही. सर म्हणाले होते, आभार एका पानात बसवा.

दुसऱ्या हंगामासाठी मी फेब्रुवारी संपता संपता गेलो. गावाच्या वरच्या अंगाला, माझ्या झाडांपाशी पोचलो तर तिथं नको इतका उजेड. अकरा झाडं नव्हती. गुडघ्याएवढी कापलेली अकरा खोडं होती, ताजी, आणि बाजूला फांद्यांचे ढीग. नऊ झाडं अजून उभी होती.

काय झालं ते सांगतो. जंगल खातं दर वर्षी जंगलाचा एक तुकडा तोडायला देतं. त्याला कूप म्हणतात. कुपात तोडायच्या झाडावर खात्याचे नाकेदार, म्हणजे जंगल राखणारे शिपाई, लाल रंगानं नंबर टाकतात, आणि बुडाशी हातोड्यानं सरकारी ठप्पा मारतात. नंबर आणि ठप्पा दोन्ही असलं तरच कुऱ्हाड. त्या वर्षीचा कूप नेमका गावाच्या वरच्या अंगाला निघाला होता. मोह फळझाड, तो कोणी तोडत नाही. पण या मोहांवर लाल नंबर होते. तेही सुरेख अक्षरात.

कंत्राटदाराचा मुन्शी तिथंच खाटेवर बसून पान लावत होता.

“हे नंबर माझे आहेत!” मी ओरडलो.

“तुमचे? मंग अक्षर चांगलं आहे, साहेब. आमच्या नाकेदाराचं येवढं चांगलं नाई.”

“पण ठप्पा होता का बुडाशी?”

“ठप्पा पाह्याले वाकावं लागते. नंबर उभ्यानं दिसते.”

“गावातले लोक काही बोलले नाहीत?”

“बोलले न. रोज बोलते. पन आमी नंबर वाचतो, बोलनं नाई वाचत.” त्यानं पान तोंडात टाकलं. “नऊ राह्यले. आठवडाभरात होऊन जाईन.”

दुसऱ्या दिवशी मी रेंज ऑफिसला गेलो. आठ मैल. बरोबर मैनाबाई आणि गावातली तीन माणसं, सगळे चालत. रेंजर शांत, सरळ माणूस होता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

“लिहा. हे नंबर खात्याचे नाहीत, मी माझ्या अभ्यासासाठी टाकले. खाली सही. मी आत्ता तोड थांबवतो. नऊ झाडं वाचतील. आणि अकरांचा जाब कंत्राटदाराला विचारता येईल.”

“हो, देतो की.”

“आणखी एक ऐका. सरकारी जंगलात परवानगीशिवाय झाडाची साल तासून रंग लावला, हेही त्या कागदात येतं. रिपोर्ट वर जाईल. कॉलेजला पत्र जाईल. दंड होईल, कदाचित प्रोजेक्टही बंद होईल. ते माझ्या हातात नाही.”

मी पेन उघडलं होतं. ते मी बंद केलं.

“मी एकदा माझ्या गाईडना विचारून येतो,” मी म्हणालो.

“नंबर तुम्ही टाकले ना? मग लिहायला गाईड कशाला?”

“सुपरवाइज्ड प्रोजेक्ट आहे, साहेब.”

रेंजरनं कागद परत ओढून घेतला. “कागद आला की थांबवतो. त्याआधी मला कारण नाही.”

बाहेर मैनाबाई उभी होती. “देल्लं लिवून?”

“सरांना विचारून येतो. चार दिवसांत परत.”

“सर म्हंजे तुहा बाप होय का?”

बरोबरची माणसं हसली. मीही हसलो. त्या वेळी हसणं सोपं वाटलं.

खरं सांगायचं तर चार ओळी लिहायला पाच मिनिटं लागली असती. मी त्याऐवजी बैलगाडी, वडसा, नागभीड आणि नागपूर केलं. नागभीडला पुढची गाडी चुकली. नागपुरात सर कुठल्याशा कमिटीच्या मीटिंगला बाहेरगावी. मी दोन दिवस त्यांच्या दाराशी चकरा मारल्या. तार करून रेंजरला कळवावं, असं एकदा मनात आलं. पण तार तरी सरांना न विचारता कशी करायची?

सर आले. ऐकता ऐकता तापले. “परवानगी घेतली नव्हती? डिपार्टमेंटचं नाव घालवायचंय का तुम्हाला?”

परवानगी घ्यायला त्यांनी सांगितलं नव्हतं, हे मी बोललो नाही.

मग ते एकदम थांबले. “खोडं ताजी आहेत?”

“हो सर.”

“म्हणजे कापलेल्या भागावरची वलयं मोजता येतील. झाडाचं वय कळेल. अहो, ज्याची फुलं तुम्ही अख्खा हंगाम मोजलीत, त्या झाडाचं वयसुद्धा तुमच्याकडं! असा अभ्यास करायला फळता मोह तोडू कोण देतंय? कोणाकडं नसेल हे.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “अकरा म्हणजे सॅम्पल लहान आहे. पण आहे.”

“नऊ अजून उभी आहेत, सर.”

सरांनी चष्मा परत चढवला.

“जंगल खात्याच्या कारभारात आपण पडू नये,” ते म्हणाले. “तुम्ही काही लिहून देऊ नका.”

आता जे सांगतोय ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला हायसं वाटलं. सरांनी सांगितलं, माझा प्रश्न मिटला. एवढ्याचसाठी तर मी नागपूरला आलो होतो.

मी परत पोचलो तेव्हा वीसच्या वीस खोडं होती. विसावं झाड आदल्याच दिवशी पडलं होतं आणि त्याच्या फांद्यांवरच्या कळ्या अजून ओल्या होत्या. सॅम्पल पूर्ण झालं होतं.

पुढचे आठ दिवस मी खोडांवर बसून वलयं मोजली. मोहाची वलयं सागासारखी स्वच्छ नसतात. पाणी लावून, भिंग धरून कशीबशी दिसतात. जिथं दिसली नाहीत तिथं मी शेजारच्या वलयांवरून अंदाज केला. आणि जिथं अंदाजही जमेना, तिथं माझ्या आलेखाला जे सोयीचं होतं ते लिहिलं. गावातलं कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. पाणी मागितलं तर मिळायचं, पण तांब्या ठेवून बाई निघून जायची.

मैनाबाई एकदाच आली. मी तिच्याच झाडाच्या खोडावर बसलो होतो.

“का मोजून राह्यला?”

“झाडाचं वय.”

“किती निंगालं?”

“बासष्ट.”

“माही आजेसासू लगन होऊन आली तवा हे झाड फुलं देत होतं. तिले मरून चाळीस वर्सं झाले.” ती खोडाकडं बघत होती. “बासष्टात कसं बसवलं तिले?”

मी वहीतलं बासष्ट खोडून शंभर केलं. आलेख आणखी चांगला आला.

थीसिसला फर्स्ट क्लास मिळाला. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक म्हणाले, “फळणारे मोह तोडायची परवानगी आम्हाला आजवर मिळाली नाही. तुम्ही वीस कसे मिळवलेत?” मी म्हणालो, “स्थानिक सहकार्यानं.” सरांनी मान डोलावली. त्याच कामाच्या जोरावर मला लेक्चररची नोकरी लागली. कंत्राटदाराला कोणी काही विचारलं नाही, कारण विचारायला लागणारा कागद नव्हता. रेंजरची त्याच वर्षी दुसरीकडं बदली झाली.

या सगळ्यातून मी एवढंच शिकलो, की गाईडला विचारावं ते आपल्याला माहीत नसलेलं. माहीत असलेलं विचारायला जो जातो तो सल्ला मागत नसतो, सुटका मागत असतो. पुढं माझे विद्यार्थी असं काही विचारायला आले की मी त्यांच्यावर विनाकारण खेकसायचो. त्यांना वाटायचं, सर शिस्तीचे आहेत.

नोकरी लागल्यावर मी गावात गेलो. का गेलो, ते आता नीट सांगता येत नाही. माफी मागायला, असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. हातात पेढ्यांचा पुडा होता, यावरून माझी अक्कल कळावी. मैनाबाई अंगणात बांबूची टोपली विणत बसली होती. मोहाचे दिवस होते, पण अंगणात वाळत घातलेलं काही नव्हतं.

“पास झालो, बाई. नोकरी लागली. कॉलेजात.”

“पगार भेटते?”

“मिळतो.”

“पोटापुरता?”

“हो. चांगला मिळतो.”

तिनं पेढा घेतला नाही. टोपलीची काडी दातानं सोलली आणि माझ्याकडं वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं.

“वीस झाडाईवर आमचे अकरा घरं जगत होते,” ती म्हणाली. “आता तू एकटा जगतोस. लय खातोस गा तू.”