पाण्यातून काढलेले कपडे

ज्यांचं धुणं मी करायचे त्या आजींनी दोरीवरची साडी ओढून खाली घेतली, बादलीत टाकली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. साडी मी नुकतीच पिळून वाळत घातली होती. टोकाला टोक जुळवून, सुरकुत्या झटकून. तिच्यावर आमरस सांडला होता आणि तो डाग काढता काढता माझी बोटं सोलवटली होती. शेजारच्या बाल्कनीतल्या बाई बघत होत्या. आजी त्यांना म्हणाल्या, "धुतलीय हिनं, पण आमच्याकडे पद्धत आहे. एकदा पाण्यातून काढते."

मी सातवीत होते. मला वाटलं, साबण राहिला.

दुसरं काही मनातही आलं नाही. आपल्याला नीट खळबळता येत नाही, आणि ते शेजारच्या बाईंसमोर उघडं पडलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या धुण्याची मला लाज वाटली.

कोथरूडमधली ती सोसायटी उभी राहिली तेव्हा माझे बाबा तिथे बिगारी होते. आम्ही यवतमाळकडचे. साइटवर बाबांचा पाय मोडला, नीट जुळला नाही, आणि बिल्डिंग पुरी झाल्यावर ते तिथलेच वॉचमन झाले. आम्हाला पार्किंगमध्ये पंपाशेजारची खोली मिळाली. आजींचे यजमान, ज्यांना सगळी सोसायटी काका म्हणायची, बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे चेअरमन. खोली त्यांच्या शब्दावर होती, आणि त्या शब्दाच्या बदल्यात त्यांच्या घरचं धुणं आमच्याकडे होतं. आई जिने झाडायची, धुणं माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी आजींनी बाबांना आडनाव विचारलं. बाबांनी सांगितलं. आजी "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"मध्ये सगळं होतं, पण मला तेव्हा ते ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी जास्त खळबळायला लागले. पाणी अगदी पिण्यासारखं स्वच्छ होईपर्यंत. आजी तरीही यायच्या, कपडे दोरीवरून खाली, तांब्या वरून. मी आणखी खळबळायचे. मग काकांनी बाल्कनीच्या दारात येऊन विचारलं, "टाकी आपल्या एकट्यांसाठी भरलेली नाही, याची आपल्याला कल्पना आहे ना?" सातवीतल्या पोरीला "आपण". मी मान हलवली. कमी पाणी वापरावं तर साबण राहणार, जास्त वापरावं तर टाकी संपणार. मी रात्री झोपताना याचा विचार करायचे, इतकी मी मूर्ख होते.

डाग काढायला आईनं शिकवलं. हळदीचा डाग घासत बसू नको, धुऊन उन्हात टाक, ऊन खातं त्याला. गंजाला लिंबू-मीठ. तेलाला आधी पीठ, मग पाणी. काकांच्या कॉलरचा मळ ब्रशनं काढायचा, पण हळू, कापड विरलं तर बोलणी आपल्यालाच. आणि रक्ताला गरम पाणी कधी लावायचं नाही, डाग बसतो तो कायमचा. ती चादर वेगळी यायची. मोरीच्या कोपऱ्यात गुंडाळी करून ठेवलेली. घरातलं कुणी तिला हात लावत नव्हतं, आजी तर पायानं सरकवायच्या. थंड पाण्यात भिजवून तो डाग मी काढायचे. त्या चादरीवरही मग तांब्या पडायचा. मला वाटायचं, रक्त असतं, म्हणून असेल.

मी अकरावीत गेले त्या वर्षी त्यांच्याकडे ऑटोमॅटिक मशीन आलं. मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत जात होते. घरात आधी कॉम्प्युटर आला होता, मग मायक्रोवेव्ह, मग हे. मला वाटलं, सुटले. कसली सुटते. मशीन मळ काढतं, चिवट डाग काढत नाही. म्हणून डाग आधी मी काढायचे, मग कपडे आत टाकायचे, बटण दाबायचं, थांबलं की बाहेर काढायचे. पण मी खूश होते. मशीन आपलं आपण पाणी बदलतं, आपलं आपण खळबळतं. आता साबण राहिला असं कुणाची बिशाद आहे म्हणायची.

पहिल्याच दिवशी मी कपडे बाहेर काढले आणि आजींनी बादली माझ्याकडून घेतली. मी म्हटलं, मशीननं धुतलेत, त्यानं पुन्हा पुन्हा पाणी बदललंय. त्या म्हणाल्या, "हो का? छान." आणि तांब्या ओतला.

रविवारी वहिनी, म्हणजे त्यांची सून, घरी होत्या. मशीन त्यांनी लावलं. मी बाल्कनीची जाळी पुसत होते. मशीन थांबलं, वहिनींनी कपडे काढले, आजींनी ते त्यांच्या हातातून घेतले आणि सरळ दोरीवर टाकले. एकेक करून. शर्ट, परकर, चादर. तांब्या तिथेच पालथा पडलेला होता. मी जाळी पुसायची थांबले. तेच मशीन. तीच पावडर. टाकीतलं तेच पाणी, जे माझ्याच बाबांनी पहाटे पंप लावून वर चढवलं होतं. साबणाचा प्रश्न कधी नव्हताच. इतकी वर्षं मी साबण काढत होते आणि त्या मला काढत होत्या. मी जाळी पुसून पुरी केली आणि खाली आले.

आईला सांगितलं. मला वाटलं ती संतापेल. ती पीठ मळत होती, मळतच राहिली.

"मले पयल्या दिवसापासून मालूम हाय," ती म्हणाली. "तुले सांगून काय झालं असतं व? तुह्या आंगावर नाही टाकत ना. कपड्यावर टाकते. टाकू दे."

मला आईचा इतका राग कधी आला नव्हता. पण ती काय करणार होती? खोली गेली तर बाबांची नोकरीही जाणार. मोडक्या पायानं ते पुन्हा साइटवर जाऊ शकत नव्हते. कॉलेज इथून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. खोलीत दिवा होता, पंपाची घरघर असली तरी दार लावून अभ्यास करता येत होता. सगळं त्या खोलीला बांधलेलं, आणि खोली त्या धुण्याला. म्हणून कळल्यावरही मी जात राहिले. कळलं नव्हतं तेव्हा बरं होतं. आता रोज सकाळी पाठमोरी उभी राहून मी तो आवाज ऐकायचे. धप्प. वर्गात केमिस्ट्री चालू असायची आणि माझ्या कानात धप्प.

एकदा मी सूड म्हणून साबण तसाच राहू दिला. आजींच्या पाण्यानं तो निघून गेला. म्हणजे माझंच काम हलकं झालं. मला हसू आलं, आणि मग मोरीत बसून मी खूप रडले. हे सगळं कुणाला सांगायचं तर सांगण्यासारखं काय होतं? मारलं नाही, शिवी दिली नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त पाणी ओतलं. स्वच्छ पाणी.

मी बारावीत असताना दिवाळीनंतर त्यांच्याकडे सत्यनारायण होता. आदल्या दिवशी काकांचं रेशमी सोवळं बाहेर निघालं आणि त्यावर समईच्या तेलाचा मोठा डाग निघाला. आजींनी ते माझ्या हातात दिलं. रेशमाला सोडा चालत नाही, घासता येत नाही. डाळीचं पीठ दाबून ठेवायचं, झटकायचं, रिठ्याच्या पाण्यात हलक्या हातानं चोळायचं, परत पीठ. सकाळ त्यातच गेली, कॉलेज बुडालं. पण डाग गेला. हॉलमध्ये पाहुणे आले होते. आजींनी सोवळं उजेडात धरून सगळ्यांना दाखवलं आणि कौतुकानं म्हणाल्या, "डाग काढण्यात हिचा हात कुणी धरणार नाही."

सोफ्यावर आजींचे भाऊ बसले होते. ते म्हणाले, "तसाही कोण धरणार आहे?"

सगळे हसले. काका हसले. वहिनी चहाचे कप गोळा करायला लागल्या. आणि मी, मीसुद्धा हसले. सवयच ती. मोठी माणसं हसली की हसायचं. ते हसू तोंडावर घेऊन मी तिथे उभी होते आणि आतून जळत होते. मग आजी सोवळं घेऊन बाल्कनीत गेल्या आणि त्यांनी तांब्या भरला.

मी त्यांच्या मागे गेले आणि बादलीवर हात आडवा धरला.

"आजी, पाणी घालू नका."

"अगं, पद्धत आहे."

"मग यापुढे मी धुणार नाही. माझा हात चालत नसेल तर डागही तुमचे तुम्ही काढा."

माझा आवाज चढला नव्हता. आजींचा तांब्या हातातच राहिला. मी चपला घालून जिना उतरले.

संध्याकाळी काकांनी बाबांना वर बोलावलं. मीही मागोमाग गेले. बाबा दाराबाहेर उभे, पायातल्या चपला काढून, हात जोडून. काका आरडाओरडा करणारे नव्हतेच. शांतपणे म्हणाले, "तुमच्या मुलीला आमचं पाणी बोचतं म्हणे. मग त्याच टाकीखाली राहायची सक्ती कशाला? महिनाअखेर खोली मोकळी करा. किंवा तिनं हिची माफी मागावी, विषय संपला."

बाबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. पंपाजवळ पाय लांब करून बसले आणि म्हणाले, "माग ना व माफी. तोंडानंच तं बोलाचं हाय." त्यांचा सुजलेला घोटा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी माफी मागणार होते. खरं सांगते. परीक्षा होईपर्यंत, एवढं वर्ष निघेपर्यंत. मनातल्या मनात वाक्यही जुळवलं होतं.

तेवढ्यात वहिनी खाली आल्या. ऑफिसचे कपडे, गळ्यात कंपनीचं कार्ड. वाईट बाई नव्हत्या. मला जुनी गाइडं द्यायच्या, इंग्लिश शिकवायच्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, सासूबाईंचं वय झालंय, त्या बदलणार नाहीत, तू का लेट इट गो करत नाहीस. मलाही काय कमी ऐकावं लागतं का त्यांचं? मीही अॅडजस्ट करतेच ना. तू फक्त सॉरी म्हण, बाकी मी बघते.

मी विचारलं, "वहिनी, तुम्ही मशीनमधून कपडे काढले की आजी त्यावर पाणी घालतात?"

त्या म्हणाल्या, "तुझं आणि माझं वेगळं आहे ना गं."

"कसं वेगळं?"

त्यांचा माझ्या खांद्यावरचा हात निघाला. तो आपोआप निघाला, त्यांनाही कळलं नसेल. मला कळलं. आजींचं निदान उघड होतं. हे गोड होतं, शिकलेलं होतं, आणि मी वाकले की हे मला जन्मभर पुरणार होतं. जुळवलेलं वाक्य मी गिळून टाकलं. वहिनी वर गेल्यावर बाबांना म्हटलं, माफी मागणार नाही.

खोली गेली. कात्रजला गाववाल्यांच्या ओळखीनं पत्र्याची खोली मिळाली. बाबांना एका गोदामावर उभ्यानं राखण करायचं काम लागलं आणि त्यांचा पाय आणखी गेला. बारावीला मला मार्क कमी पडले. मला जे व्हायचं होतं ते मी झाले नाही. हे मी लपवत नाही. चांगलं झालं असं म्हणायला मला काही सापडत नाही.

लोक विचारतात, आपलेच लोक विचारतात, एवढ्याशा पाण्यासाठी राहतं घर घालवलंस? हो, घालवलं. बाबा त्यावरून मला कधी टाकून बोलले नाहीत, पण मरेपर्यंत विसरलेही नाहीत. मीही विसरणार नाही. ज्या घरात माझ्या हातावरून पाणी फिरवतात, त्या घराचा उंबरा मी चढणार नाही, माझी पोरगी चढणार नाही. त्यापायी पुन्हा घर जायचं असेल, तर पुन्हा जाऊ दे.