ऊन न पोचणाऱ्या जागचा चट्टा

आमचे काका जमिनीची मोजणी करायचे. एकतीस वर्षं उघड्या रानात, तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून उभे. पन्नाशी उलटली आणि चेहरा, मान, हातांची पाठ लाल होऊन खाजायला लागली. कातडी जाड, चिवट झाली. हनुवटीखाली, जिथे सावली पडते, तिथे मात्र काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हाची जुनाट ॲलर्जी. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनसुद्धा सोसणार नाही.

काकांनी टेबलाचं काम मागून घेतलं. घरात जाड पडदे लागले. "आमच्याकडे भरदुपारी दिवेलागण," काकू म्हणायची. काका पथ्याला पक्के. पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी, मलम, सगळं वेळेवर.

सहा वर्षांनी एकदा त्यांची कंबर धरली. काकू तेल चोळायला बसली, तर लेंग्याच्या नाडीच्या बऱ्याच खाली तळहाताएवढा तांबूस चट्टा.

"अहो, हा कधीचा?"

"नाडीचा वळ असेल. लाव तेच मलम."

"इथे कुठलं आलंय ऊन? दुसऱ्याचा बांध बोटभर सरकला तर तुम्ही पंचनामा करता, आणि स्वतःच्या अंगावरचं अतिक्रमण दिसत नाही?"

तिने शिवणाची टेप आणून चट्टा मोजला. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजला, तर दोन सेंटिमीटर वाढलेला. मग काका निमूट दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी हातावरचा आणि कमरेखालचा असे कातडीचे दोन तुकडे तपासायला घेतले. "उन्हाच्या ॲलर्जीची कातडीही कधीकधी तपासणीत कॅन्सरसारखी दिसते," त्या म्हणाल्या, "म्हणून घाईने नाव द्यायचं नाही. पण जिथे ऊन जातच नाही, तिथला चट्टा मला सोडवत नाही."

हातावरची जुनीच ॲलर्जी निघाली. कमरेखाली त्वचेचा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, पहिल्या पायरीवरचा.

"म्हणजे उन्हानेच झाला?" काकांनी विचारलं.

"तसं म्हणता येत नाही. क्वचित दोन्ही एकाच माणसात सापडतात. ॲलर्जीतून हा होतोच असं नाही. एरवी याला आम्ही उन्हातल्याच ठराविक किरणांचा शेक देतो. तुम्हाला तो देता येणार नाही."

"वा! औषध म्हणूनही ऊनच!" काका मोठ्याने हसले. काकू हसली नाही.

त्या आठवड्यात काका जेवायचे, पण ताटात काय वाढलंय ते बघायचे नाहीत. वेगळं मलम सुरू झालं, पुढे गोळ्या. चट्टा फिकट व्हायला आठ महिने लागले. मध्ये मांडीवर दुसरा उठला, तोही बसला.

याला आता चार वर्षं झाली. काका निवृत्त झालेत, दिवस मावळला की दोघं फिरायला जातात. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. तिच्या आदल्या दिवशी काका कुणाशी बोलत नाहीत, आणि काकू दोघांच्या वाटचं बोलून घेते.