उंद्रीच्या अंगणातली पेटी

मलकापूरच्या जुन्या वाचनालयात अब्दुल गनी पुस्तकं बांधायचे. इंग्रजांच्या काळात कापसाच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून उभारलेली ती इमारत. भिंती जाड, खिडक्या उंच, आणि रेल्वे गेली की कपाटांच्या काचा थरथरायच्या. मागच्या पडवीत खळीचं भांडं, दाभण आणि दोरा घेऊन अब्दुल गनी बसत. त्यांची धाकटी लेक अदीबा शाळा सुटली की तिथंच यायची.

पडवीच्या शेजारच्या दालनात दर रविवारी मुलांचा वर्ग भरायचा. तो चालवायच्या सरस्वतीबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. त्या मुलांना पुस्तक वाचून दाखवत नसत, पुस्तकातलं काहीतरी करायला लावत. एका पावसाळ्यात त्यांनी भिजवलेल्या रद्दीचा लगदा करून जिल्ह्याचा उठावाचा नकाशा करून घेतला. उत्तरेला सातपुड्याचे डोंगर, मधून पूर्णेचा निळा दोरा, आणि दक्षिणेला लोणारचा खड्डा. तो खड्डा अदीबाने अंगठा दाबून केला होता. बारावीपर्यंत ती त्या वर्गात सरस्वतीबाईंचा उजवा हात झाली. चित्रांच्या पट्ट्या, मराठी आणि उर्दू शब्दांचे पत्ते, कापडी बाहुल्या, सगळं तिच्या हातचं. तिला मास्तरीण व्हायचं होतं. डी.एड.ला नंबर लागायच्या आतच लग्न ठरलं.

नवरा मतीन, चिखली तालुक्यातल्या उंद्रीचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं कृषी सेवा केंद्र, म्हणजे बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. मागे राहतं घर, त्याच्यामागे अंगण. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक दार. त्या दारातून अदीबाने पुढे जायचं नाही, हे पहिल्या आठवड्यातच सासूने, नजमुन्निसाने, सांगितलं. रागावून नाही. मीठ कुठं आहे ते सांगावं तसं.

"गाँव का दुकान है बेटी. सब तरह के लोग आते."

मतीन वाईट नव्हता. आजारपणात उशाशी बसायचा, मुलगी मलिहा झाली तेव्हा त्याने अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. पण बाजाराला तो जायचा, दवाखान्यात सासू न्यायची, आणि माहेरी वर्षातून एकदा, ईदनंतर. अदीबाला उंद्री माहीत होती ती अंगणाच्या भिंतीवरून दिसेल तेवढी: एक कडुनिंब, पाण्याची टाकी आणि शेजारच्या आशाबाईचं छप्पर. भिंत छातीइतकी होती. आशाबाई पलीकडून भाजी द्यायची, गप्पा मारायची. अदीबा भाजी घ्यायची आणि पुन्हा आत वळायची. कधीकधी दुपारी तिला वाटायचं, आपण कपाटात लावून ठेवलेलं पुस्तक आहोत. कोणी फाडत नाही, कोणी काढतही नाही.

सरस्वतीबाईंनी वाचनालयातून खेड्यांकडे फिरती पेटी पाठवायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या पेट्यांपैकी एक अब्दुल गनींनी उंद्रीसाठी मागून घेतली. बसगाड्या बदलत, पेटी मांडीवर घेऊन ते आले. नातीला पाहायला आलोय म्हणाले. पेटीत गोष्टींची पुस्तकं, शब्दांचे पत्ते, मातीचे रंग, पितळी कड्यांची दोन भिंगं, आणि या खेपेला मुलांकडून काय करून घ्यायचं ते लिहिलेला सरस्वतीबाईंचा कागद.

नजमुन्निसाने पेटी खालीवर पाहिली. "सिर्फ लड़कियाँ," ती शेवटी म्हणाली. "और मैं बैठूँगी."

ती खरंच बसली, दाराजवळच्या बाजेवर, तसबीहचे मणी ओढत. गल्लीतल्या मुली येऊ लागल्या. आशाबाईची काजल सगळ्यात आधी यायची आणि सगळ्यात उशिरा जायची. अदीबा तिला बाहुली बोलती करायला शिकवायची, मलिहा मांडीत बसून टाळ्या वाजवायची. दर काही महिन्यांनी पेटी मलकापूरला जायची आणि नवी यायची. त्या दुपारी अंगण अदीबाला मोठं वाटायचं.

असं चांगलं चाललं होतं. मग ते बोंडअळीचं वर्ष आलं.

तोवर उंद्रीत सगळ्यांच्या शेतात बीटी कापूस होता. जुनं सरकीचं बियाणं कोणाच्या घरात उरलं नव्हतं. दरवर्षी पाकीट घ्यायचं आणि लावायचं, आणि गावातली निम्मी पाकिटं मतीनच्या दुकानातून जायची. दुकानात कंपनीचं मोठं चित्र लावलेलं होतं: पांढरंशुभ्र फुटलेलं बोंड, आणि कोपऱ्यात फुली मारलेली अळी. जेवणाचा डबा द्यायला दार किलकिलं केलं की अदीबाला ते समोरच दिसायचं.

दिवाळीच्या आधी आलेल्या पेटीतल्या कागदावर सरस्वतीबाईंनी लिहिलं होतं: आपल्या गावातलं एक पीक घ्या. मुलांना ते उघडून, भिंगातून बघू द्या. जे दिसेल त्याचं चित्र काढू द्या, नावं लिहू द्या.

काजल ओढणीत हिरवी बोंडं घेऊन आली. तिच्या वडिलांच्या, उकंडरावच्या, शेतातली. दोन फुलंही होती, पण ती उमललेली नव्हती, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुंडाळल्यासारख्या. अदीबाने विळीवर बोंड चिरलं. आत सरकी काळी पडलेली, रुई पिवळी, आणि मधोमध गुलाबी अळी वळवळत होती.

तिने दुसरं चिरलं. त्यातही होती.

काजलने भिंग डोळ्याला लावलं. "भाभी, ह्या कापसाले तं अळी लागत नाई म्हनते ना? आमचे बाबा म्हने, पाकिटावरच लिवलं हाय."

अदीबाने बाजेकडे पाहिलं. नजमुन्निसाचा डोळा लागला होता. पुढे दुकानात मतीन कोणाला तरी औषधाचं माप समजावत होता, त्याचा आवाज इथवर येत होता. बोंडं उचलून चुलीत टाकावीत आणि पोरींना बाहुल्या द्याव्यात, एवढंच करायचं होतं. तिचा हात बोंडांकडे गेलाही. मग तिला काजलचा चेहरा दिसला. भिंगामागे तिचा डोळा केवढा तरी मोठा झाला होता.

"जे दिसतं ते काढा," अदीबा म्हणाली.

पोरींनी अळी काढली. गुलाबी रंग संपला तेव्हा लालात पांढरा कालवला. चित्रं आपापल्या घरी नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव दुकानात आला. धोतराच्या सोग्यात त्याने बोंडं आणली होती, ती त्याने काउंटरवर ओतली. मागे आणखी चार-पाच जण होते. दाराआडून अदीबाला सगळं ऐकू येत होतं.

"मतीनभाऊ, हे काय होय?"

"पानी कमीजास्त झालं असंन, काका."

"पान्यानं अळी होते काय बे? आन् हे मले काल समजलं, माह्या पोरीकून. तुह्याच घरात, तुह्याच अंगनात पाह्यलं तिनं! तुह्या बायकोले दिसते, तुले दिसत नाई?"

 माणसं गेल्यावर मतीनने कंपनीच्या माणसाला फोन लावला. तिकडून काय सांगितलं ते अदीबाला कळलं नाही. इकडून मतीन नुसता "जी, जी" म्हणत होता. मग मधलं दार उघडलं.

"मेरे ही घर से?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर तिला सोपं गेलं असतं. "पहले मुझे बताती. एक बार."

त्याचं हे बोलणं खरं होतं. त्याने पेटी उचलून माळ्यावर टाकली आणि अंगणाच्या फाटकाला कुलूप घातलं. तिचा मोबाइल नजमुन्निसाने आपल्या उशीखाली ठेवला.

त्यानंतरचे दिवस अदीबाला एकासारखे एक आठवतात. गाव दुकानात येईना. मतीन शटर अर्धं उघडून आत अंधारात बसायचा. बाहेर गेला तर लोक प्रश्न विचारायचे, आत आला तर आई. तोही अडकला होता, हे तिला दिसत होतं. पण त्याला निदान रस्ता होता, चिखलीची बस होती. तिला स्वयंपाकघर होतं. भिंतीपलीकडून आशाबाई हाक मारायची, "अदीबा, पोरी इचारून राह्यल्या, पेटी काऊन बंद हाय?" अदीबा भांडी घासत राहायची. बाजेवरून सासूची नजर तिच्या पाठीला चिकटलेली असायची. मलिहा कुलूप हलवून पाहायची आणि रडायची.

थंडीत तालुक्याहून पंचनाम्याची माणसं आली. गावातल्या झाडाझाडावर तीच गत होती. दुकानासमोर गर्दी जमली. मतीनचं म्हणणं एकच: मला माहीत नव्हतं, मी सीलबंद पाकीट विकलं, अळी पहिल्यांदा कोणी कधी पाहिली ते मला सांगता येत नाही. उकंडराव ओरडला, "तुह्या बायकोले बोलाव! तिले माहीत हाय!"

मधल्या दाराआड अदीबा उभी होती. नजमुन्निसाने कडीवर हात ठेवला होता. सुरकुतलेला हात.

"मत जा," ती म्हणाली. या वेळी तो हुकूम नव्हता, विनवणी होती. "दुकान गया तो क्या खाएँगे?"

अदीबाने तो हात अलगद बाजूला केला आणि कडी काढली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्या खोलीत उभी राहिली. समोर माणसंच माणसं होती. तिने ओढणी घट्ट धरली आणि अंगणात काय पाहिलं ते सांगितलं. दिवाळीआधी, उकंडरावकाकांच्या शेतातली बोंडं, चिरलेल्या दोन्हींत अळी, फुलं न उमललेली. पंचनाम्याला आलेल्या साहेबाने विचारलं, नवऱ्याला माहीत होतं का? ती म्हणाली, "नाही. माझ्यामुळंच कळलं त्यांना." हेही खरंच होतं. मतीन जमिनीकडे पाहत होता.

 जाताना उकंडरावने मतीनच्या खांद्यावर हात ठेवला. मतीनने तो झटकला नाही, की धरलाही नाही.

शेतकऱ्यांना पुढे थोडं काही मिळालं, कोणाला मिळालं नाही. अदीबाचं बोलणं पंचनाम्यात लिहिलं गेल्यावर कंपनीने मतीनला माल देणं बंद केलं. उन्हाळ्यात त्याने दुकान मोडलं आणि तो खामगावला एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला लागला. सकाळच्या बसने जातो, दिवेलागणीला येतो. पेटी अब्दुल गनी परत घेऊन गेले. लेकीला बरोबर न्यावं असं त्यांच्या मनात होतं, पण नजमुन्निसाने तेव्हा अंथरूण धरलं होतं, आणि अदीबानेच "अभी नहीं, अब्बा" म्हटलं. सरस्वतीबाईंनी नंतर निरोप धाडला की वाचनालयात मुलांच्या विभागाला बाई हवी आहे. तो निरोप ऐकताना अदीबा सासूला पेज भरवत होती. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

मतीन कितीतरी महिने तिच्याशी कामापुरतं बोलला. मग एका शुक्रवारी, नमाजहून येऊन जेवायला बसला असताना, त्याने मान वर न करता विचारलं, "उस दिन चुप रहती, तो?"

अदीबाने त्याच्या ताटात भाकरी वाढली. 

"तो भी बोंड में वही निकलता," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. तो होकार होता की मान नुसती घास गिळताना हलली, हे तिला कळलं नाही. आतून नजमुन्निसाने पाणी मागितलं. अदीबा उठून आत गेली.