बांधाची रेघ

ड्रॉइंगच्या बाईंची एक रेघ मी बिघडवली आणि दोष दुसऱ्यावर ढकलला. त्यांच्याबद्दल काहीही लिहायचं तर आधी हे लिहायला हवं.

मुलुंडच्या शाळेत त्या आम्हाला चित्रकला शिकवायच्या. पुढे मी प्रकाशक झालो आणि त्या आमची मुखपृष्ठं करू लागल्या. पट्टी त्यांनी कधी हातात धरली नाही. "पट्टीनं मारलेली रेघ कुणाचीही असते," म्हणायच्या.

मुखपृष्ठ झालं की ते बाल्कनीच्या ग्रिलला अडकवायचं, खाली उतरायचं आणि रस्त्यापलीकडच्या भाजीवाल्याला वाचायला लावायचं. त्याला जमलं नाही तर चित्र परत टेबलावर.

'शेवटचं मीठ' ही मिठागरात राबणाऱ्या एका बाईची कादंबरी. जुन्या मुखपृष्ठावर डोळ्यांना पदर लावलेली बाई होती. नव्या आवृत्तीसाठी मी वेगळं काही मागितलं. बाई म्हणाल्या, "अख्ख्या पुस्तकात ती एकदाही रडत नाही. तू वाचलंयस ना रे?" त्यांनी पांढऱ्या कागदावर फक्त नाव काढलं. अक्षरांवरची रेघ मातीच्या बांधासारखी जाड, ओबडधोबड, आणि 'मीठ'वर बोटभर तुटलेली. कादंबरीच्या शेवटी ती बाई बांध फोडून खाडीचं पाणी आत घेते. ती ही फट.

भाजीवाल्यानं नाव वाचलं आणि म्हणाला, "पण बाई, वरची रेघ तुटलीय." बाई खूश. "बघ, दिसली त्याला."

आमचा विक्रेता तेच बोलला तेव्हा मात्र मी घाबरलो. "छपाईची चूक वाटते," तो म्हणाला, "लोक पुस्तक परत आणतील." मरोळच्या प्रेसमध्ये आमची पुस्तकं छापणाऱ्या सुभाषला मी फट भरायला सांगितली.

"बाईंना विचारलंस का?"

"विचारलंय."

छापलेल्या पुस्तकावर बाईंनी बोट फिरवलं. "बांध कुणी बुजवला?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सुभाषनं."

त्यानंतर त्या प्रेसमध्ये गेल्या नाहीत. पूर्वी सुभाष त्यांच्यासाठी डब्यात जवळ्याची चटणी जास्तीची आणायचा. "बाई का रे येत नाहीत?" तो विचारायचा. मी म्हणायचो, वय झालं.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो. हात थरथरतो म्हणून काम बंद झालेलं. कपाटात 'शेवटचं मीठ'ची त्यांची प्रत दिसली. 'मीठ'वरची रेघ ब्लेडनं खरवडून काढलेली होती, बरोबर बोटभर.

"बाई, ती फट मी भरायला लावली. सुभाषला खोटं सांगितलं, तुम्हालाही."

 बाईंनी टेबलावरचा माझा फोन माझ्याकडे सरकवला. "हे त्याला सांग. माझ्यासमोर."

सुभाषनं उचलला. "बोल रे."

"सुभाष, बाई तुझ्याकडे यायच्या थांबल्या त्या माझ्यामुळे. त्यांना न विचारताच मी ती फट भरायला लावली आणि त्यांना तुझं नाव सांगितलं. मला माफ कर."