भोक पडलेली पाकळी

जर्नलच्या पहिल्या पानावर इंग्रजीत सूचना छापल्या होत्या. त्या शेवटपर्यंत वाचणारी वर्गात बहुधा मी एकटीच होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. काय वाचायचं आणि काय सोडून द्यायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. तिसरी सूचना अशी होती की समोर जे दिसतं तेच काढा. मी तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली.

यवतमाळकडच्या एका गावातून मी पुण्याला बी.एस्सी. करायला आले. धायरीत एका खोलीत तीन कॉट होत्या, त्यातली खिडकीजवळची माझी. बाकीच्या दोघी नोकरी करायच्या. मी सकाळी निघायचे तेव्हा त्या झोपलेल्या असत आणि परत यायचे तेव्हा कामावर गेलेल्या. कधी कधी आठवडाभर आमच्यात ‘गीझर बंद केलास का’ याच्यापलीकडे बोलणं होत नसे. वर्गातही मी गप्पच असायचे. तोंड उघडलं की आमच्याकडचा हेल यायचा, आणि कोणीतरी तो न हसता तसाच परत म्हणून दाखवायचं.

वनस्पतीशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बोलावं लागत नसे. पहिल्याच दिवशी प्रत्येकीला जास्वंदीचं एकेक फूल मिळालं. ते उभं कापायचं आणि त्याची आकृती काढायची. ब्लेडने टोक काढलेली पेन्सिल, एकच स्वच्छ रेघ, शेडिंग नाही. माझ्या फुलाच्या एका पाकळीला मसुराएवढं भोक होतं आणि देठ जरा वाकलेला होता. मी भोक काढलं, वाकलेला देठ काढला. मान वर केली तेव्हा दोन तास झाले होते. त्या दोन तासांत मला घराची आठवण आली नव्हती. हे लक्षात आल्यावर थोडं अपराधी वाटलं.

मग मी प्रॅक्टिकलची वाट बघू लागले. उरलेली फुलं, पानं वर्तमानपत्रात गुंडाळून खोलीवर आणायचे आणि पुन्हा काढायचे. सुकली की सुकलेली काढायचे. खोलीत कोणी नसायचं, पण एखाद्या पानाकडे तासभर बघत बसलं की ते नसणं जाणवायचं नाही. मला चित्रकला येते असं मी म्हणणार नाही. शाळेत कधी बक्षीस मिळालेलं नाही. फक्त बघायला आवडायचं, इतकंच.

शेजारी बसणाऱ्या मुलीने एकदा विचारलं, “तू हे खरंच बघून काढतेस?”

“मग कसं काढायचं?”

“अगं, सीनियरचं जर्नल घ्यायचं, खिडकीच्या काचेवर धरायचं, वर आपला कागद ठेवून ट्रेस करायचं. फूल काय, मॅडमनी दिलं म्हणून घ्यायचं.”

मला वाटलं, ती गंमत करतेय.

परीक्षेच्या पंधरा दिवस आधी जर्नलवर सह्या होत्या. सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. मॅडमनी माझं जर्नल उघडलं आणि जास्वंदीपाशी थांबल्या.

“हे भोक कसलं?”

“अळीनं खाल्लं होतं, मॅडम.”

“अच्छा. मग अळीला नाव द्यायचं राहिलं वाटतं.”

मागे दोघीतिघी हसल्या. मॅडमनी पानं उलटली.

“हा देठ वाकडा का?”

“वाकडाच होता.”

“हे बघ, परीक्षकांना जास्वंद बघायची असते. तुझ्या वाट्याला आलेली जास्वंद नाही.” त्या चिडल्या नव्हत्या. “हात चांगला आहे तुझा. पण हे जर्नल आहे. या अकरा आकृत्या पुन्हा काढून आण, मग सही.”

आज वाटतं, त्यांचंही बरोबर होतं. तेव्हा मात्र एवढंच कळत होतं की सही मिळाली नाही तर वर्ष जाईल, आणि मी पुण्यात शिकते हे बाबांनी गावात सगळ्यांना सांगितलेलं होतं.

वर्गातल्या त्या शेजारणीकडून सीनियरचं जर्नल आणलं. माझी खिडकी पश्चिमेची. तीन दिवस ऊन उतरेपर्यंत काचेला कागद लावून अकरा आकृत्या ट्रेस केल्या. सगळी फुलं धडधाकट, सगळे देठ सरळ. मॅडमनी भराभर पानं उलटून सही केली. मला खरंच हायसं वाटलं. जर्नलमधून काढलेली जुनी अकरा पानं मात्र टाकून देववली नाहीत, गादीखाली ठेवली.

परीक्षा झाली, पास झाले. पण त्यानंतर काही काढायला बसलं की हात चालेना. समोर पान असायचं आणि मी काचेवरची रेघ आठवत बसायचे. संध्याकाळी पुन्हा लांबू लागल्या. शेवटी, का ते माहीत नाही, भोकाच्या जास्वंदीचा फोटो काढून भावाच्या फोनवर पाठवला.

रविवारी आईचा फोन आला. जेवण, पाणी, तब्येत सगळं विचारून झालं. मग म्हणाली, “त्या फुलाले कीड लागली होती का?”

“हो.”

“आपल्या दारच्यालेही लागते. राख टाका लागते.” पुढे म्हणाली, “आपलं सीताफळाचं झाड काढून पाठवशील?”

माझ्याकडे आजवर कोणी चित्र मागितलं नव्हतं.

फोन ठेवला आणि बसले. खोड काढलं, दोन फांद्या काढल्या. झाड छान दिसत होतं, पण ते कोणत्याही पुस्तकातलं झाड होतं. आईला चाललं असतं. मी खोडून टाकलं आणि परत फोन लावला.

“आई, अंगणात जा.”

“काहून?”

“खालची फांदी कोणत्या बाजूला आहे, सांग.”

“तुले माहीत नाही का?”

“नाही आठवत.”

मग तिच्या चपलांचा आवाज आला.

“न्हाणीकडे हाय. तिच्यावर तुह्या बाबाचा टॉवेल वाळून रायला. काढू का?”

“नको. राहू दे.”

“बरं. थांब, आता वरच्या फांद्या मोजतो मी.”

रूममेट दोघीही गावी गेल्या होत्या. मी फोन स्पीकरवर टाकून उशीवर ठेवला आणि पेन्सिलीला टोक काढू लागले. आई हळूहळू मोजत होती. मधेच चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.